जितेपणी घालायचे शर्ट

तेकुराच्या दुकानात मी एकोणीस वर्षं काज-बटणं केली, म्हणून तिच्याविषयी बोलायचा मला थोडा हक्क आहे. गावात हल्ली ज्या बोलतात त्यांना तोही नाही. म्हणतात, तेकुराच्या शर्टाने तिच्या बापाचा घास घेतला. असं म्हणणाऱ्यांची नावं मला माहीत आहेत. त्यातल्या दोघी माझ्या चुलत बहिणी आहेत, आणि दोघींच्याही ट्रंकेत तेकुराने केलेला एकेक शर्ट घडी घालून ठेवलेला आहे.

आमच्या बेटावरच्या आवारुआ गावात, बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान. पाटीवर ‘फॅशन डिझायनर’ लिहिलेलं, आणि ते काही उगीच नव्हतं, ऑकलंडला चार वर्षं शिकून आली होती ती. बँकेतल्या पोरींचे गणवेश, हॉटेलवाल्यांचे जास्वंदीच्या छापाचे शर्ट, ऑस्ट्रेलियातून इथे येऊन वाळूत अनवाणी उभं राहून लग्न लावणाऱ्या नवऱ्या मुलींचे झगे. हात असा की नुसत्या नजरेने माप घ्यायची आणि कात्री चालवायची. पण हे सगळं पोटासाठी. स्वतःचं म्हणावं असं काम ती शनिवारी मातावेरा गावातल्या घरी, व्हरांड्यात करायची. चटईवर पाय पसरायचे, शहाळं फोडायचं, शेजाऱ्यांची यथेच्छ निंदा करायची आणि शिवत बसायचं. त्या शिवणाचा ना कागद, ना माप, ना गिऱ्हाईक.

ते सुरू झालं तिच्या आईच्या मरणापासून.

आम्ही बायका गटाने बसून तिवायवाय शिवतो. एका रंगाच्या चादरीवर दुसऱ्या रंगाच्या कापडाची फुलंपानं कापून टाचायची, आणि मग वर्ष-दोन वर्षं सगळ्यांनी मिळून हाताने शिवायची. त्या चादरी विकत नाहीत. मुलाच्या जावळाला अंथरायच्या, लग्नात नवरानवरीच्या खांद्यांवर घालायच्या, एरवी ट्रंकेत ठेवायच्या, आणि शेवटी माणसाबरोबर पेटीत घालून पुरायच्या. तेकुराच्या आईच्या ट्रंकेत अशा अकरा होत्या. ती स्वतः मात्र बाजारातून आणलेल्या चादरीवर झोपायची. त्या चादरीला मधोमध वीतभर भोक होतं आणि पाय त्यात अडकतो म्हणून ती रोज कुरकुरायची.

आमच्या रीतीप्रमाणे घराच्याच अंगणात खड्डा झाला, पाळकांची प्रार्थना झाली, बायकांनी अकरातल्या चार उत्तम निवडून पेटीत घातल्या. तेकुरा माझ्या शेजारी उभी होती. मला म्हणाली, “आकाइती, माझ्या आईच्या अंगावर आज पहिल्यांदा धड पांघरूण आलं बघ.” हळू बोलायची तिला सवय नव्हती. पुढच्या चार ओळींनी ते ऐकलं.

महिन्याभरात तिने पहिला शर्ट केला. समोरच्या मारोनाचा. तो स्कूटर दुरुस्त करायचा. त्याचाच ऑइलने काळा झालेला जुना शर्ट तिने मागून आणला, उकळत्या पाण्यात धुतला आणि त्यावर कापडाची चित्रं कापून टाचली. खिशावर पाळकांची स्कूटर, जी त्याला वीस वर्षांत एकदाही नीट करता आली नव्हती. पाठीवर त्याची बायको झाडू घेऊन धावतेय, आणि तिच्या पुढे पाना हातात धरून मारोना. मारोना इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, “हा घालून मी उद्या गॅरेजात बसतो.”

बसला नाही. बायकोने शर्टाला इस्त्री केली आणि ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. तीन वर्षांनी मारोना मेला तेव्हा तो शर्ट बाहेर निघाला. तेकुरा पेटीपाशी गेली, दोन बोटांनी त्याची कॉलर उलटी करून बघितली आणि परत फिरली.

“काय बघितलंस गं?” मी विचारलं.

“मळ. कुठे मानेपाशी काळी रेघ दिसते का बघितलं. कोरा करकरीत आहे गं. एकदाही घातला नाही त्याने.”

आता ह्यात चूक कुणाची, हे मला विचाराल तर दोन्हीकडची. तेकुराने टाका वापरला तो तिवायवायचा. तिच्या हाताला आईने तोच एक लावलेला. आणि आमच्याकडे तो टाका दिसला की माणसाचा हात आपोआप ट्रंकेकडे जातो. आमच्या गटाची मुख्य तुआइने आई. तशी साठी उलटलेली प्रत्येक बाई आमच्या सगळ्या गावाची आईच असते, पण तुआइने आईने नुसतं बोट हलवलं तरी बाकीच्या ऐकतात. तिने तेकुराला तोंडावर सुनावलं होतं.

“तो टाका घाम पुसायला नाही पोरी. आपल्या आज्यांनी तो मरणासाठी राखला.”

“आज्यांनी राखला कारण त्यांना दुसरं काही धड मिळतच नव्हतं. मी जितेपणी घालायला करतेय.”

“मग मशीनवर मार.”

“मशीनवर सोमवार ते शुक्रवार मारते की बँकेसाठी.”

तुआइने आईने हातातला पंखा जोरात हलवला आणि तोंड फिरवलं. खरं तर मीही तेकुराला तेच सांगितलं होतं. मशीनवर मार, लोक मुकाट घालतील. पण ती बापावर गेलेली, एकदा नाही म्हणाली की नाही.

सहा वर्षांत चौदा शर्ट झाले. त्यातले नऊ जमिनीखाली गेले, नवे कोरे. बाकीचे ट्रंकांमध्ये. माझाही आहे एक, खोटं कशाला बोलू? खांद्यावर काजं, बाहीवर माझी चोरटी बकरी, आणि पाठीवर माझी जीभ, मानेपासून कमरेपर्यंत लांब. बघितल्यावर मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. मग घरी नेला, दोनदा आरशासमोर अंगाला लावून बघितला आणि ट्रंकेत ठेवला. घालवेना. मरणाचं कापड अंगात घालून बाजारात मासे आणायला कसं जायचं?

मध्ये एकदा शहरातल्या आर्ट गॅलरीची बाई तेकुराच्या व्हरांड्यावर आली. तिला हे सगळे शर्ट भिंतीवर टांगून प्रदर्शन भरवायचं होतं. तेकुराने घरोघरी विचारलं, कुणीही ट्रंक उघडली नाही. तेकुराला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. “भिंतीला टांगलं काय आणि ट्रंकेत ठेवलं काय,” ती म्हणाली, “आत माणूस कुठे आहे?” आणि मग एकदम म्हणाली, “पापाचा करते.”

तिचा बाप नूरोआ पापा. ऐंशीला एक कमी. अळूचं शेत अजून स्वतः चिखलात उभं राहून करायचा, चर्चमध्ये पाळकांच्या हाताखालचा डीकन होता, आणि गायला लागला की शेवटच्या बाकावरची पोरं दचकून उठायची. लेकीच्या दुकानाचं त्याला कौतुक, पण शर्टांचा राग. त्याच्या मते ती तिवायवायची थट्टा होती. शिवाय आईच्या पेटीपाशी ती जे बोलली ते त्याला लागलं होतं. बायकोला भोकाच्या चादरीवर झोपवणारा नवरा म्हणजे तोच ना. हे त्याने बोलून दाखवलं नाही, पण तेव्हापासून त्याने लेकीच्या हातचं कापड अंगाला लावलं नव्हतं. त्याचे शर्ट ऑकलंडहून धाकटी लेक इना पाठवायची.

तेकुराला एवढंच हवं होतं, की बापाने तरी तो शर्ट जितेपणी घालावा. मग दुसऱ्या कुणी घातला नाही तरी चालेल. मला तिने हे इतक्या वेळा सांगितलं की मी शेवटी म्हटलं, “अगं, मला काय सांगतेस? मी घालू का त्याचा शर्ट?”

आठ महिने लागले. त्याचाच निळा शेतातला शर्ट, पार विरलेला. समोरची बाजू तर चाळणीसारखी झाली होती, म्हणून तिने आतून लग्नाच्या मांडवाचं उरलेलं जाड कापड लावलं. त्यावर चित्रांचे दोन थर. छातीवर डुक्कर, जे पाळकांची रताळी खाऊन आलं होतं आणि ज्यासाठी पापाला भर सभेत माफी मागावी लागली होती. एका बाजूला नीरफणसाचं झाड आणि त्यावरून पडणारा पापा, पाय वर. दुसऱ्या बाजूला तिची आई, रविवारची टोपी घालून, पाठ फिरवून बसलेली. तो तुकडा तिने तीन वेळा उसवला.

आणि बटणं. पापाची बोटं सांध्यांनी वाकडी झाली होती. रविवारी चर्चला निघायच्या आधी तो अर्धा अर्धा तास बटणांशी झटायचा, आणि कुणी मदतीला गेलं की अंगावर यायचा. म्हणून तेकुराने ठरवलं, समोरची पट्टी शिवूनच टाकायची. गळा मोठा करायचा आणि डोक्यातून घालायचा.

मी काजवाली, मला ते पटेना. “पुढून उघडा ठेव. वेलक्रोची चिकटपट्टी लाव ना.”

“चिकटपट्टीचा चरचर आवाज होतो. चर्चमध्ये उकडून गळा सैल केला की सगळे बघतील. लाजेल गं तो.”

तेव्हा ती पट्टी मी बंद केली. मीच केली, दुहेरी दोऱ्याने, वरून खालपर्यंत, चारही थर धरून. माझा टाका सहसा उसवत नाही. त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला होता.

शर्ट घेऊन आम्ही दोघी पापाकडे गेलो. तो पायरीवर बसून पायाचा चिखल खरवडत होता. त्याने शर्ट हातात घेतला, डुकराकडे बघितलं आणि ओठ दाबले. हसू आलं होतं, पण दाखवणार नाही. मग टोपीवालीकडे बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिला.

“छान आहे,” तो म्हणाला. “पेटीत घाला.”

“पापा, आत्ता घाल.”

“मेल्यावर घालीन की. मी कुठे नाही म्हणतोय?”

“मेल्यावर तू नाही घालणार. आम्ही घालू. फरक आहे.”

“मला नाही कळत फरक.”

“मला कळतो ना!” ती ओरडली. “आई मेल्यावर मी तिला घातलं. मारोनाला त्याच्या बायकोने घातलं. मी काय मढ्यांची शिंपीण आहे?”

पापा उठला, शर्टाची नीट घडी घातली आणि तो आत ट्रंकेत ठेवून आला. परत येऊन पुन्हा चिखल खरवडायला लागला. तेकुरा स्कूटरवर रडत घरी गेली. मी मागे बसले होते, आणि तिचे डोळे भरलेले असताना ती स्कूटर कशी चालवतेय ह्याचीच मला जास्त काळजी होती.

हे झालं मे महिन्यात. जुलैत पापा शेतात खाली बसला तो उठेना. हृदयाची झडप. इथल्या डॉक्टरांनी ऑकलंडला पाठवायचं ठरवलं, ऑपरेशनला. इना त्याला न्यायला आली. तेकुरा जाणार होती, पण एकीलाच जाता येत होतं, आणि ऑकलंडच्या आताच्या वाटा, दवाखाने इनालाच माहीत. शिवाय त्या शनिवारी वाळूवर तीन लग्नं होती, झगे अर्धवट. हे ती नंतर पुन्हा पुन्हा बोलायची, की तीन झगे होते म्हणून राहिले. मी म्हणायचे, अगं तू असतीस तर काय केलं असतंस? 

निघायच्या दिवशी दुपारी आम्ही विमानतळावर जमलो. पापा गाडीतून उतरला आणि तेकुराने तोंडावर हात ठेवला. त्याने तो शर्ट घातला होता. निळा शर्ट, छातीवर डुक्कर, वरून गळ्यात शिंपल्यांच्या चार माळा. सगळं विमानतळ त्याच्याकडे बघत होतं. सामान उचलणारा हमाल म्हणाला, “पापा, ते डुक्कर तिकडे उतरवून घेतील, परवाना आहे का?” पापा म्हणाला, “ह्या डुकराने आधीच माफी मागितलीय.”

तेकुरा नुसती त्याच्याभोवती फिरली, खांद्याची शिवण बघितली, बाही ओढून सरळ केली, आणि मग इनाबरोबर सामानाच्या रांगेत गेली. जाताना मला बोटाने खूण केली, ‘बघितलंस?’ सहा वर्षांत मी तिला इतकी खूश बघितली नव्हती.

बाकावर मी आणि पापा उरलो. तो पुढे वाकून म्हणाला, “आकाइती, तिला सांगू नकोस.”

“काय?”

“मी तिकडे मरणार. मला कळतंय. तिकडे मेलो तर ते लोक दवाखान्याच्या चादरीत गुंडाळतील. नाहीतर इना त्या दुकानातल्या कोटात घालेल, तिची आवड तुला ठाऊक आहे. म्हणून आपलं कापड आपल्या अंगावर घालून जातोय. म्हणजे गफलत नको.”

मी म्हणाले, “पापा, ऑपरेशन तर रोज करतात तिकडे.”

“हो हो,” तो म्हणाला. “तिला वाटू दे मी हौसेने घातला. एवढं कर.”

मी मान डोलावली. तो गेला. तेकुरा जाळीला नाक लावून विमान दिसेनासं होईपर्यंत उभी राहिली आणि परतताना गाडीत मला म्हणाली, “घातला गं शेवटी.” मी म्हटलं, “घातला.” 

ऑकलंडला उतरल्यावर विमानातून बाहेर येण्याच्या त्या लांबलचक, गालिचा घातलेल्या वाटेवरच तो पडला. दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही.

तीन दिवसांनी इना त्याला घेऊन आली. पेटी पापाच्या घरात, समोरच्या खोलीत ठेवली. बायका जमल्या, तुआइने आईने ट्रंकेतून काढलेल्या तिवायवाय भिंतींना लावल्या. पापाला तिकडच्या लोकांनी पांढरा सदरा घातला होता, दुकानातला. इनाने मागच्या खोलीत तेकुराच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी दिली. मी दाराशी होते, तुआइने आई माझ्या मागे.

तेकुराने शर्ट बाहेर काढून टेबलावर पसरला. समोरून खालपासून गळ्यापर्यंत कापलेला. डुकराचे दोन तुकडे. कापल्याची रेघ सरळ नव्हती. डुकरापाशी ती थांबली होती, बाजूला वळली होती, पुन्हा सुरू झाली होती. शिंप्याला हे वाचता येतं. मला आलं, म्हणजे तिला त्याच्या आधी आलं असणार.

“किती वेळ लागला?” तिने विचारलं.

“कशाला?” इना म्हणाली.

“कापायला. त्यांना छातीपाशी जायचं होतं ना? कापायला किती वेळ लागला?”

“लगेच. लगेच झालं गं.”

“इना.”

इना खाली बसली. “अँब्युलन्सवाले लगेच आले. बटणं शोधली त्यांनी, सापडली नाहीत. मग कात्री लावली. मध्ये अडकली. त्यांच्यातल्या एकाने दुसरी मागितली.” ती रडायला लागली. “तो माणूस म्हणाला, तसंही काही झालं नसतं. म्हणाला तो, खरंच म्हणाला.”

तेकुराने ड्रॉवर उघडून कात्री काढली. शर्टाची खालची कड हातात धरली, चारही थर, आणि कात्री चालवली. दोन बोटांएवढी गेली आणि अडकली. पुन्हा जोर केला.   समोरच्या खोलीत बायका भजन म्हणत होत्या. मला वाटत होतं की तिने थांबावं, कारण ती पट्टी कुणी शिवली ते तिला माहीत होतं आणि तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. शेवटी मीच म्हणाले, “ती पट्टी मी बंद केली तेकुरा. तू नाही.”

“मी सांगितलं म्हणून केलीस,” ती म्हणाली आणि कात्री खाली ठेवली.

 तुआइने आई पुढे आली. तिचा राग वगैरे कुठेच नव्हता. तिने शर्टावरून हात फिरवला, अगदी आपल्या गटाच्या कामावरून फिरवते तसा. म्हणाली, “चांगला हात आहे तुझा. आणा, आम्ही चौघी बसतो, संध्याकाळपर्यंत जोडून देतो. पण आधी धुवायला हवा. बघ इथे काय लागलंय.” तिने मला बादलीत पाणी आणायला पाठवलं.

मी पाणी आणि साबण घेऊन आले तेव्हा तिघी शर्टावर वाकल्या होत्या. मला वाटलं रक्त असेल. नव्हतं. डुकराच्या पाठीवर आणि खाली पोटापाशी हिरवट, तेलकट डाग होते. चार बोटांचे, नीट ओढलेले.

“अळू आहे ते,” इना म्हणाली. नाक पुसत म्हणाली. “शेजारणीने डबाभर दिलं होतं, नारळाच्या दुधातलं. ऑकलंडला उतरल्यावर खाण्याचं काढून घेतात, म्हणून म्हणाला, त्या लोकांना कशाला सोडायचं? सगळा डबा विमानातच संपवला. चमचा नव्हता. आणि हात पुसले शर्टाला! मी ओरडले त्याच्यावर. म्हटलं, पापा, ताईने आठ महिने घालवलेत त्याच्यावर, आणि तू हात पुसतोस?”

“मग?” तेकुराने विचारलं.

“मग काय, हसला. म्हणाला, शर्ट तर आहे. घरी गेलो की धुवीन.”

तेकुरा तशीच उभी राहिली. इनाला ह्यात काही विशेष वाटलं नाही, तुआइने आईला तर नाहीच. पण मी हातातली बादली खाली ठेवली. तीन दिवस मी एका गोष्टीच्या आधारावर काढले होते. पापा तयार होऊन गेला, मरणाचं कापड घालून गेला, मघाशी कात्रीचं ऐकलं तेव्हाही मनाला तेच सांगितलं, अडकली काय आणि न अडकली काय. तो आधार आता राहिला नाही. विमानात बसल्यावर कधीतरी तो मरायचं विसरला होता. डबा उघडला, पोटभर जेवला, अंगावरच्या शर्टाला हात पुसले, आणि घरी जाऊन धुण्याचा विचार केला. तेकुराला जे हवं होतं ते तिला मिळालं होतं. माझ्या त्या चुलत बहिणी मरेपर्यंत काहीही बोलोत, मी तिथे होते आणि मी तिचा चेहरा बघितला. तो चेहरा कुणाच्या वाट्याला न येवो.

तुआइने आईने बाह्या वर केल्या आणि माझ्याकडे हात केला. “दे ती बादली. असा मळका घालून देवासमोर पाठवणार का त्याला?”

तेकुराने शर्ट ओढून छातीशी धरला.

“असाच घालायचा,” ती म्हणाली. “धुवायचा नाही. घरी येऊन तो धुणार होता.”

तुआइने आईने वर केलेल्या बाह्या खाली ओढल्या. मी बादली उचलली आणि ते पाणी मागच्या अंगणात ओतून आले.